नऊ हजार खांबांचं दुपटं

फॅमिली ग्रुपवर बातमी आलेली असते. ताईला, वहिनीला किंवा त्या पुण्याच्या मावसबहिणीला सातवा महिना लागलाय, डोहाळजेवणाची तारीख ठरलीय आणि आई तुमच्याकडे बघून विचारते, 'तू काय देणारेस?' पॉकेटमनीत बसेल असं उत्तर शोधायला तुम्ही ऑनलाइन जाता. तिथे न्यूबॉर्न गिफ्ट सेट नावाचा प्रकार असतो. पारदर्शक पिशवीत एक टोपी, दोन मोजे, एक पांघरूण, सगळं फिकट निळं नाहीतर फिकट गुलाबी. बारशाला असे पाच सेट येतात आणि त्यातले तीन पुढच्या कुणाच्या तरी बारशाला रवाना होतात. हे तुम्हालाही चांगलं माहितीये. त्या सेटवरचं नावाचं लेबल खरवडायला घरातलं तरुण मंडळच बसवलं जातं.

यावेळी विणून बघा. हसू नका, खरंच. एक सुई, पाच गुंड्या आणि अडीच महिने एवढंच भांडवल लागतं. आपल्याकडे या भेटीला नावही तयार आहे, बाळंतविडा. झबली, टोपडी, कुंची, लंगोट, गोधडी आणि दुपटं असा सगळा जामानिमा घरातल्या बायका हाताने तयार करायच्या आणि बाळ-बाळंतिणीला द्यायच्या. कुंची आता फोटोशूटपुरती उरली. गोधडी बुटीकमध्ये गेली. दुपटं मात्र अजून प्रत्येक घरात लागतं, कारण तान्ह्याला उचलायचं म्हणजे कशात तरी गुंडाळायलाच हवं.

हा सगळा उद्योग आजीच्या खात्यातला आहे असं वाटत असेल तर जरा आपल्या इन्स्टाग्रामच्या फीडकडे बघा. बकेट हॅट, टोट बॅग, एअरपॉडचं कव्हर, सूर्यफुलाची की-चेन, हे सगळं क्रोशेच आहे. फरक इतकाच की आजीच्या काळात त्याचं रुखवत मांडायचे आणि आता रील टाकतात. रुखवतातला क्रोशाचा राजहंस आणि टीव्हीवर अंथरलेला तो जाळीचा रुमाल यांच्यामुळे मधल्या एका पिढीने क्रोशाचा धसका घेतला होता. तो अगदीच अनाठायी नव्हता. काही राजहंस खरोखर भीतिदायक असायचे.

आणि मुलग्यांनो, पान उलटू नका. 2021 च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये टॉम डेली या ब्रिटिश डायव्हरने सुवर्णपदक मिळवलं आणि त्याच स्पर्धेत प्रेक्षागृहात बसून विणकाम करतानाचे त्याचे फोटो जगभर फिरले. पदकावर चरे पडू नयेत म्हणून त्याने स्वतःच्या हाताने त्यासाठी पाउचही केलं होतं. लांब कशाला, कोलशेतचंच घ्या. हे मूळचं आगरी-कोळ्यांचं गाव. खाडीकाठच्या वस्त्यांमध्ये जाळी विणायला, फाटलेली सांधायला पुरुष मंडळी बसतातच की. जाळ्याला चालतं ते दुपट्याला का चालू नये?

दोन सुया की एक?

घरात कुणी विणणारं असेल तर पहिला सल्ला मिळेल तो दोन सुयांचा. ऐकून घ्या, पण सुरुवात क्रोशाने करा. कारण साधं आहे. दोन सुयांच्या विणकामात एका वेळी शंभर-सव्वाशे टाके सुईवर जिवंत असतात. सुई निसटली की ते खाली घरंगळतात आणि नवशिक्याला ते उचलता येत नाहीत. क्रोशात कुठल्याही क्षणी सुईवर एकच वेढा असतो. कोलशेतहून ठाणे स्टेशनला निघालेल्या टीएमटीत बसायला जागा मिळाली, अर्धी ओळ झाली आणि उतरायची वेळ आली, तर तो एक वेढा जरा मोठा ओढायचा, त्यात सेफ्टी पिन अडकवायची आणि गुंडाळी सॅकमध्ये कोंबायची. संध्याकाळी पिन काढायची, पुढचा टाका घालायचा. लेक्चर बंक केल्यासारखं नंतर कुठून सुरू करायचं हा प्रश्नच येत नाही.

उसवणंही तितकंच सोपं. धागा ओढला की एकेक टाका सुटत येतो आणि हवा तिथे थांबतो. पहिल्या आठवड्यात ही सोय फार उपयोगाची आहे.

आता भाषेचा मुद्दा, कारण बहुतेक जण इथेच अडकतात. यूट्यूबवर शिकायला बसलात की एक बाई सांगते 'डबल क्रोशे घाला' आणि दुसरी तेच हातवारे करत म्हणते 'ट्रेबल क्रोशे घाला'. दोघी बरोबर असतात. एकीची परिभाषा अमेरिकन, दुसरीची ब्रिटिश. अमेरिकेत ज्याला सिंगल म्हणतात त्याला ब्रिटनमध्ये डबल म्हणतात आणि अमेरिकेचा डबल हा ब्रिटनचा ट्रेबल. पॅटर्न एका देशाचा आणि व्हिडिओ दुसऱ्या देशाचा घेतलात की दुपट्याऐवजी पायपुसणं तयार होतं. मराठीत ही भानगडच नाही. आपल्याकडे साखळी, मुका खांब, अर्धा खांब आणि खांब. जो टाका दिसायला उभ्या खांबासारखा तो खांब, जो अगदी बुटका, जवळजवळ न दिसणारा तो मुका खांब. अमेरिकन सिंगल म्हणजे मुका खांब आणि अमेरिकन डबल म्हणजे खांब, एवढं वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. संपूर्ण दुपट्याला आपल्याला साखळी आणि खांब एवढ्या दोनच गोष्टी लागणार आहेत. कापूरबावडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकून मेट्रोचे खांब मोजण्यात ज्यांची उमेदीची वर्षं गेली त्यांना हा टाका विशेष जवळचा वाटेल.

लोकर नको, सूत घ्या

ठाण्याचं आणि ब्लँकेटचं नातं तसं जुनं आहे. रेमंडची लोकरीची गिरणी इथे 1925 मध्ये सुरू झाली. 1944 मध्ये कैलाशपत सिंघानियांनी ती घेतली तेव्हा तिथे मुख्यतः जाडीभरडी, स्वस्त लोकरी ब्लँकेट्सच तयार व्हायची. सूटचं तलम कापड, 'कम्प्लीट मॅन' वगैरे सगळं खूप नंतरचं. आज पोखरण रोडवर त्या गिरणीच्या जमिनीवर टॉवर आहेत. कोलशेत रोडची गोष्ट वेगळी नाही. सँडोझबाग हे नाव राहिलंय, त्या नावाची केमिकल कंपनी गेली आणि तिच्या जागेवरही टॉवरच उभे आहेत. पण ब्लँकेट ठाण्यात बनत असली तरी ती ठाण्यात पांघरायची कुणाला फारशी गरज पडत नसणार. इथे हिवाळा म्हणजे पंखा पाचवरून तीनवर. एका बाजूला खाडी, वर्षाचे आठ महिने अंगाला चिकटणारी दमट हवा. अशा ठिकाणी जन्मणाऱ्या बाळासाठी लोकरीचं जाड पांघरूण विणणं म्हणजे त्याच्यावर प्रेमापोटी केलेला अन्यायच.

म्हणून दुपटं सुताचं विणा. दुकानात 'लोकर द्या' म्हणालात की समोर येते ती बहुतेक वेळा ॲक्रिलिक असते, म्हणजे मेंढीशी काहीही संबंध नसलेला कृत्रिम धागा. ती स्वस्त असते, रंग झकास असतात आणि धुवायला सोपी असते, पण घाम शोषत नाही. सरावासाठी तिची एक गुंडी जरूर घ्या. दुपट्यासाठी मात्र 'निटिंग कॉटन' असं स्पष्ट मागा. बारीक रुमालाचं क्रोशाचं सूत मिळतं ते नको, ते घेतलंत तर मूल शाळेत जाईपर्यंत दुपटं पुरं होणार नाही. मध्यम जाडीचं, साधारण आठ प्लायचं सूत आणि 4 मिलिमीटरची सुई ही जोडी नवशिक्याच्या हाताला बरी बसते. सुईच्या मधल्या चपट्या भागावर नंबर कोरलेला असतो, तो बघून घ्या. प्लॅस्टिकपेक्षा ॲल्युमिनियमची सुई बरी, धागा अडकत नाही.

सूत किती लागेल? 75 बाय 90 सेंटिमीटरच्या दुपट्याला साधारण 450 ते 500 ग्रॅम. 100 ग्रॅमच्या पाच गुंड्या धरून चला. ब्रँडप्रमाणे खर्च हजाराच्या आसपास जातो, म्हणजे त्या गिफ्ट सेटपेक्षा फार स्वस्तात काम होणार नाही हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. स्टेशनच्या बाजारात, जांभळी नाक्याच्या आसपास किंवा डोंबिवलीत, जिथे शिवणकामाचं सामान मिळतं तिथे चौकशी करा आणि गुंड्या एकदमच घ्या. प्रत्येक गुंडीच्या कागदावर शेड नंबर असतो आणि शेजारी लॉट नंबर. शेड एक पण लॉट वेगळा असेल तर रंगात किंचित फरक पडतो. दुकानातल्या ट्यूबलाइटमध्ये तो दिसत नाही, घरी खिडकीपाशी दुपटं पसरलं की मधोमध पट्टा उठून दिसतो. रंग कुठला घ्यायचा ते तुम्ही ठरवा. निळ्या-गुलाबीच्या पलीकडेही जग आहे एवढंच सुचवतो. हळदी पिवळा किंवा कैरीचा हिरवा घेऊन बघा.

आता हात

पहिली सरकगाठ बांधा, ती सुईवर चढवा. सुई उजव्या हातात पेन धरतो तशी, धागा डाव्या हाताच्या तर्जनीवरून. धागा सुईच्या आकडीत घ्यायचा आणि गाठीतून ओढायचा. झाली एक साखळी. अशा वीस साखळ्या घाला. त्या वेड्यावाकड्या येतील, एक घट्ट, एक लोंबणारी. उसवा, परत घाला. पहिला दिवस यातच जातो आणि जाऊ दे.

खांब असा. सुईला धाग्याचा एक वेढा द्या. मग सुई साखळीत घाला, धागा पकडा, बाहेर ओढा. आता सुईवर तीन वेढे दिसतील. धागा पकडून त्यातल्या दोघांमधून ओढा, उरले दोन. पुन्हा धागा पकडून त्या दोघांमधून ओढा, उरला एक. हा एक खांब. वाचताना किचकट वाटतं, हाताला सवय झाली की तोंडाने गप्पा चालू ठेवून होतं.

दुपट्याला थेट हात घालू नका. आधी त्याच सुताचा, त्याच सुईने, वीस खांबांचा एक चौकोन विणा. त्यावर पट्टी ठेवून 10 सेंटिमीटरमध्ये किती खांब बसतात ते मोजा. या सुताला आणि या सुईला साधारण 16 बसतात. तुमचे 19 बसले तर तुमचा हात घट्ट आहे, सुई अर्धा मिलिमीटर मोठी घ्या. 13 बसले तर उलटं. मग तो चौकोन धुऊन वाळवा आणि पुन्हा मोजा, सूत पहिल्या धुण्यात थोडं आटतं. हा चौकोनही वाया जात नाही, चहाच्या कपाखाली ठेवायला होतो.

10 सेंटिमीटरला 16 म्हणजे 75 सेंटिमीटरला 120 खांब. त्यासाठी 122 साखळ्या घालायच्या. सुईपासून चौथ्या साखळीत पहिला खांब घालायचा, म्हणजे सोडलेल्या तीन साखळ्या मिळून एक खांब धरला जातो, आणि मग शेवटपर्यंत प्रत्येक साखळीत एक. ओळ संपली की मोजा, 120 भरले पाहिजेत. दोन बारकावे लक्षात ठेवा. सुरुवातीच्या साखळ्या एक नंबर मोठ्या सुईने घाला, नाहीतर खालची कड आवळली जाते आणि दुपटं घागऱ्यासारखं पसरतं. आणि साखळ्या मोजताना दर वीस साखळ्यांनंतर वेगळ्या रंगाचा दोरा अडकवत जा. शंभराच्या घरात पोहोचल्यावर कुणीतरी 'जेवायला ये' म्हणून हाक मारतंच आणि मोजणी विस्कटते.

पुढच्या प्रत्येक ओळीची सुरुवात तीन साखळ्यांनी. काम उलटवा. त्या तीन साखळ्या म्हणजे या ओळीचा पहिला खांब, म्हणून त्यांच्या बुडाशी असलेला टाका सोडून पुढच्या टाक्यापासून खांब घालायला लागा. आणि ओळीचा शेवटचा खांब मागच्या ओळीच्या त्या तीन साखळ्यांच्या डोक्यावर घाला. ही शेवटची जागा दिसत नाही. ती चुकून सुटते, ओळीत 119 खांब येतात, पुढच्या ओळीत 118, आणि बघता बघता चौकोनी दुपट्याचा समोसा होतो. जगातल्या प्रत्येक नवशिक्याचा समोसा इथेच होतो. उपाय एकच, त्या तिसऱ्या साखळीत रंगीत दोरा अडकवून ठेवायचा आणि पहिल्या दहा ओळी प्रत्येक वेळी मोजायच्या. नंतर डोळ्यालाच कळायला लागतं.

अशा साधारण 75 ओळी झाल्या की 90 सेंटिमीटर भरतात. 120 गुणिले 75, म्हणजे नऊ हजार खांब. आकडा ऐकून पोटात गोळा आला असेल तर दुसऱ्या बाजूने बघा. हात बसल्यावर एक ओळ वीस मिनिटांत होते. रोज एक ओळ म्हणजे 75 दिवस, अडीच महिने. सातव्या महिन्याच्या सुरुवातीला बातमी कळली असेल तर बाळाच्या तारखेपर्यंत अगदी बेताचा वेळ आहे, आणि वर बारशाचे बारा दिवस बोनस. बाळं तारखा पाळत नाहीत, तेव्हा रविवारी दोन ओळी घाला. ठाण्याहून सीएसएमटीला स्लो लोकलने कॉलेजला जाणाऱ्यांना, चौथी सीट का होईना पण मिळाली तर, एका फेरीत तीन ओळी होतात. गुंडी सॅकमध्येच ठेवा. ती खाली पडली तर डब्याच्या त्या टोकापर्यंत जाते आणि मग सगळे मदत करतात, म्हणजे गुंता दुप्पट होतो.

एवढा मोठा तुकडा सांभाळणं जमत नसेल तर तळहाताएवढे चौकोन विणून शेवटी जोडण्याची पद्धतही आहे. ग्रॅनी स्क्वेअर म्हणतात तेच. ही पद्धत किती ताणता येते याचं उदाहरण चेन्नईत आहे. 'मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स' या गटाने ठिकठिकाणच्या विणणाऱ्यांकडून तुकडे गोळा करून जोडले आणि 31 जानेवारी 2016 रोजी जगातल्या सगळ्यांत मोठ्या क्रोशे ब्लँकेटचा गिनेस विक्रम केला. क्षेत्रफळ 11,148.5 चौरस मीटर. आपल्या मापाची साडेसोळा हजार दुपटी त्यात बसतील. माझं मत विचाराल तर पहिल्या दुपट्याला चौकोनांच्या फंदात पडू नका. विणायला मजा येते, जोडायचा कंटाळा येतो आणि शेकडो दोऱ्यांची टोकं खोचत बसावी लागतात.

शिकवणारं माणूस शोधायचं असेल तर व्हिडिओपेक्षा बिल्डिंग बरी. तुमच्या कॉम्प्लेक्सच्या ग्रुपवर 'कुणाला क्रोशे येतं का?' एवढा एक मेसेज टाका. ज्या ग्रुपवर एरवी पार्किंग आणि पाणी सोडून विषय नसतो तिथे चार काकू आणि एखादे आजोबा उगवतात. मुलाकडे राहायला म्हणून सातारा, नाशिक, कोकणातून आलेल्या आणि इथे बाराव्या मजल्यावर ओळखपाळख नसलेल्या कितीतरी आज्या कोलशेतच्या टॉवरमध्ये आहेत. त्यांना तुमची धागा धरायची पद्धत बघवत नाही. त्या सुई हातातून ओढूनच घेतात. पाच मिनिटांत ते कळतं जे स्क्रीनवर वीसदा बघून कळलेलं नसतं, म्हणजे डाव्या तर्जनीवर धाग्याचा ताण नेमका किती ठेवायचा.

बाळाच्या बाजूने

इथपर्यंत सगळं तुमच्या हौसेचं झालं. आता हे वापरणार कोण तेही बघायला हवं. इन्स्टाग्रामवर जी बेबी ब्लँकेट्स सर्वांत गोड दिसतात त्यांना मोठमोठी जाळी असते, कडेला गोंडे असतात, कोपऱ्यात मोत्याचं बटण लावलेलं ससुलं असतं. यातलं काहीही करू नका. तान्ह्याची बोटं काडेपेटीच्या काडीएवढी असतात. मोठ्या जाळीत ती अडकतात. सुटा धागा किंवा अगदी केसही बाळाच्या बोटाभोवती आवळला जाऊन रक्तपुरवठा थांबण्याचे प्रकार डॉक्टरांना माहीत आहेत. बाळ नुसतं रडत राहतं आणि कारण मोज्याच्या आत दडलेलं असतं. गोंडे आणि मणी तोंडात जातात. म्हणूनच आपण सलग खांबांचं, घट्ट वीण असलेलं, कडेला काहीही लोंबत नसलेलं दुपटं निवडलंय. खुणेसाठी अडकवलेले रंगीत दोरे आणि पिना शेवटी मोजून काढा. घातलेल्या किती, काढलेल्या किती.

दुसरी गोष्ट थोडी अप्रिय आहे, पण ताईला नक्की सांगा. पहिल्या वर्षात झोपलेल्या बाळाच्या अंथरुणात सुटं पांघरूण, उशी, मऊ खेळणी ठेवू नयेत असं बालरोगतज्ज्ञांच्या संघटना सांगतात. पांघरूण तोंडावर आलं तर एवढ्या लहान बाळाला ते बाजूला सारता येत नाही. शिवाय आपल्या हवेत बाळ उकडून निघतं ते वेगळंच. मग नऊ हजार खांब कशासाठी? मांडीवर घेताना खाली घालायला, डॉक्टरकडे नेताना एसी गाडीत गुंडाळायला, जमिनीवर पालथं पडायची प्रॅक्टिस चालू असताना अंथरायला, म्हणजे बाळ जागं आणि माणूस समोर असताना. झोपताना नाही. आपण विणलेली वस्तू पाळण्यात दिसावी असं वाटणं साहजिक आहे. फोटोपुरती ठेवा आणि लगेच काढा.

तासाचा भाव

दुपट्याचा फोटो स्टोरीवर गेला की चोवीस तासांत एक मेसेज येतो, 'वॉव, मलापण एक करून दे ना, लोकरीचे पैसे देईन!' इथे जरा थांबा आणि हिशेब करा. 75 ओळी, ओळीला वीस मिनिटं, म्हणजे 25 तास. तासाला अवघे 50 रुपये धरले तरी मजुरी साडेबाराशे होते. तीत सूत मिळवा. सव्वादोन हजार रुपये सांगितलेत की समोरून 'अगं एवढे?' येतं, आणि मग मॉलमध्ये क्रोशे टॉप सातशेला मिळतो हा दाखला.

त्या सातशेच्या टॉपबद्दल एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. दोन सुयांचं विणकाम करणारं यंत्र इंग्लंडमध्ये 1589 मध्येच तयार झालं होतं. क्रोशाचं तसं यंत्र कारखान्यांत आजही चालत नाही. यंत्राने क्रोशासारखी दिसणारी जाळी काढता येते, खरं क्रोशे नाही. म्हणजे तुम्ही रॅकवर बघता तो टॉप खरा क्रोशे असेल तर तो कुणीतरी, कुठेतरी, एकेक खांब घालून हाताने केलेला असतो. सातशे रुपयांतून दुकान, ब्रँड, ट्रान्सपोर्ट आणि सूत वजा करा आणि त्या हाताला काय उरलं असेल ते बघा. आंध्र प्रदेशातल्या नरसापूर भागात बायका पिढ्यान् पिढ्या क्रोशाची लेस विणतात, एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी ती कला तिथे नेली. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी 1982 मध्ये या बायकांवर 'द लेसमेकर्स ऑफ नरसापूर' हे पुस्तक लिहिलं. त्यातलं मुख्य निरीक्षण असं की या बायका परदेशी बाजारासाठी दिवसभर राबत होत्या, पण त्यांची गणना कामगारांत नव्हे, गृहिणींत व्हायची. फावल्या वेळेत घरबसल्या काहीतरी करतात, असं म्हटलं की मजुरी कमी द्यायला मोकळीक मिळते. सोशिऑलॉजी किंवा इकॉनॉमिक्स घेतलेल्यांनी लायब्ररीत शोधावं. दुपट्याची वीस-पंचवीस ओळी विणून झाल्यावर वाचलंत तर ते पुस्तक वेगळंच वाचलं जातं, कारण तोवर तुमचा अंगठा दुखायला लागलेला असतो.

तेव्हा मैत्रिणीला नाही म्हणायचं नसेल तर तिलाच सुई घेऊन द्या. आणि विकायचंच असेल तर तासाचा भाव आधी ठरवा, मग किंमत सांगा. भेट द्यायची असेल तर हा सगळा हिशेब विसरून जा. दोन्हींची सरमिसळ केली की ना पैसे मिळतात ना समाधान.

शेवटची ओळ झाली की धागा वीतभर राखून कापा आणि शेवटच्या वेढ्यातून ओढून घ्या. मोठ्या नेढ्याच्या बोथट सुईने ते टोक टाक्यांच्या पोटातून एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे असं खोचा. नुसती गाठ मारून कापू नका, धुण्यात ती सुटते. गुंड्या बदलल्या असतील त्या ठिकाणची टोकंही अशीच. मग सौम्य साबणाने धुवा. पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि आडवं पसरून वाळवा. दोरीवर टांगलंत तर ओल्या सुताच्या वजनाने ते लांबडं होतं. पावसाळा असेल तर कोलशेतच्या हवेत वाळायला दोन दिवस धरा, म्हणजे बारशाच्या आदल्या रात्री धुवायला काढू नका.

देताना घडीच्या आत उरलेल्या सुताची छोटी गुंडी ठेवा, शेड नंबरच्या कागदासकट. बाळ रांगायला लागलं की दुपट्याचा कोपरा कुठल्या तरी खुर्चीच्या पायात अडकून धागा तुटतोच, तेव्हा ती लागेल.